सर रॉबर्ट पील : पक्ष मोडून राज्य सांभाळणारा प्रधान

१८४६ सालच्या जून महिन्याच्या २५ तारखेस ब्रिटिश पार्लमेंटच्या दोन सभागृहांत दोन निकाल लागले. परदेशी धान्यावरील जबर जकात उठविणाऱ्या विधेयकास सरदारांच्या सभेने अखेरची संमती दिली. आणि त्याच रात्री कॉमन्स सभेने आयर्लंडच्या बंदोबस्ताचे एक विधेयक ७३ मतांनी फेटाळून, ज्याने ती जकात उठविली त्याच प्रधानाला पदावरून खाली ओढले. त्याच्याविरुद्ध मत देणारांत विरोधी पक्षाच्या जोडीला त्याच्याच पक्षातले जमीनदार सभासद होते. पाच वर्षांपूर्वी ज्यांनी त्याला मोठ्या विश्वासाने सत्तेवर बसविले, त्यांनीच विश्वासघातकी म्हणून त्याचा सूड घेतला. सर रॉबर्ट पील हे त्या प्रधानाचे नाव. राणी व्हिक्टोरियाच्या काळात ग्लॅडस्टन व डिझरायली हे दोन प्रधान आपल्याकडील सुशिक्षितांना अधिक परिचित झाले. परंतु त्या दोघांच्या राजकीय आयुष्याला जे वळण लागले ते पीलमुळे लागले. एक त्याचा शिष्य म्हणून वाढला, तर दुसरा त्याला पाडून पुढे आला.

पीलच्या चरित्राचा अभ्यास करण्यास याहून मोठे कारण आहे. पक्षाच्या बळावर अधिकारपदी आलेल्या मनुष्याला, पक्षाने उराशी बाळगलेले मत देशाला घातक आहे अशी कागदपत्रांवरून व डोळ्यांदेखत घडणाऱ्या घटनांवरून खात्री पटली, तर त्याने काय करावे, हा प्रतिनिधींच्या मार्फत चालणाऱ्या प्रत्येक राज्यात उद्भवणारा प्रश्न आहे. पीलच्या आयुष्यात तो एकदा नव्हे, तीनदा उभा राहिला. आणि तिन्ही वेळा त्याने एकच उत्तर दिले.

पीलचा जन्म ५ फेब्रुवारी १७८८ रोजी लँकेशायर परगण्यातील बरी या गावी झाला. हिंदुस्थानातून येणाऱ्या छिटांच्या धर्तीवर सुती कापडावर नक्षी उमटविण्याचा जो धंदा अठराव्या शतकात त्या परगण्यात फोफावला, त्यात त्याच्या आजोबांनी व वडिलांनी अमाप पैसा मिळविला होता. वडील पार्लमेंटचे सभासद होते, पुढे त्यांना सरदारकीच्या खालोखालचा बॅरोनेट हा किताब मिळाला, आणि गिरण्यांत राबणाऱ्या अनाथ उमेदवार मुलांसाठी १८०२ साली जो पहिला कायदा झाला तो त्यांच्याच पुढाकाराने झाला. घराण्याची संपत्ती अशी गिरणीतून आलेली, परंतु मुलाचे शिक्षण मात्र पिढीजात जमीनदारांच्या मुलांबरोबर, प्रथम हॅरो येथे व नंतर ऑक्सफर्ड येथे झाले. अभिजात भाषा आणि गणित या दोन्ही विषयांत त्याने ऑक्सफर्डची पहिल्या वर्गाची मानाची पदवी मिळविली. वयाची एकविशी ओलांडताच, १८०९ साली, वडिलांनी पैसा खर्च करून आयर्लंडमधील कॅशेल या नाममात्र मतदारसंघातून त्याला पार्लमेंटात पाठविले. उत्तरेकडील गिरणीवाल्यांच्या घरात जन्मलेला आणि दक्षिणेकडील जमीनदारांच्या पक्षात वाढलेला हा तरुण त्या दोन्ही इंग्लंडांना ओळखत होता, परंतु दोहोंपैकी कोणालाही तो पुरता आपला वाटला नाही. स्वभावाने तो लाजाळू व वागण्यात ताठ होता. निकटच्या मंडळींत मोकळा आणि परक्यांत थंड. हा स्वभाव पुढे त्याला फार महागात पडला.

पहिला प्रसंग नाण्यासंबंधीचा आहे. नेपोलियनशी चाललेल्या युद्धात बँक ऑफ इंग्लंडने नोटांच्या बदली सोने देणे थांबविले होते, आणि कागदी चलनाच्या सुळसुळाटात महागाई वाढली होती. सोन्याची देवघेव पुन्हा सुरू करावी की नाही याची चौकशी करण्यासाठी १८१९ साली जी समिती नेमली गेली, तिचे अध्यक्षपद पीलकडे आले. पूर्वी या उपायाच्या विरुद्ध मत दिलेल्या पीलने साक्षी घेतल्या, हिशेब तपासले, अर्थशास्त्रावरील ग्रंथ वाचले आणि आपले आधीचे मत टिकणारे नाही असा निष्कर्ष काढून तसा कायदा मांडला. त्याच्या विरुद्ध बोलावयास कॉमन्स सभेत जे उभे राहिले त्यांत त्याचे जन्मदाते वडील होते. मुलाने वडिलांविषयीचा आदर व्यक्त केला आणि विधेयक पुढे चालविले.

दुसरा प्रसंग अधिक कठीण होता. १८१२ ते १८१८ या काळात आयर्लंडचा मुख्य चिटणीस म्हणून काम करताना प्रॉटेस्टंट वर्चस्वाचा खंदा पुरस्कर्ता अशी त्याची ख्याती झाली होती. रोमन कॅथलिकांना पार्लमेंटात बसण्याचा हक्क देऊ नये या मताचा तो सर्वांत समर्थ वक्ता मानला जाई, आणि त्याच कारणास्तव ऑक्सफर्ड विद्यापीठाने त्याला आपला प्रतिनिधी म्हणून निवडले होते. परंतु १८२८ साली क्लेअर परगण्यातील पोटनिवडणुकीत डॅनिएल ओकॉनेल हा कॅथलिक पुढारी प्रचंड मतांनी निवडून आला. निवडून आलेल्या मनुष्यास त्याच्या धर्मामुळे सभागृहात बसता येत नाही, आणि बसू न दिल्यास आयर्लंडमध्ये रक्तपात अटळ आहे, असा पेच पडला. त्या वेळी गृहमंत्री असलेल्या पीलने प्रधानमंत्री वेलिंग्टन याला साथ देऊन, ज्या सुधारणेला त्याने सारा जन्म विरोध केला ती स्वतःच सभागृहात मांडली आणि १८२९ च्या एप्रिलात ती कायद्यात उतरविली. तत्पूर्वी ऑक्सफर्डच्या जागेचा राजीनामा देऊन त्याने मतदारांचा कौल मागितला, आणि विद्यापीठाने त्याला पराभूत केले. ज्या मतावर निवडून आलो ते मत सोडले, तर जागाही परत केली पाहिजे, एवढे तरी भान त्याने त्या वेळी राखले होते, हे त्याच्या टीकाकारांनी लक्षात ठेवावयास हवे.

गृहखात्यातील त्याची कामगिरी मात्र कोणत्याही वादळाशिवाय उभी राहिली. त्या काळी इंग्लंडच्या फौजदारी कायद्यात सुमारे दोनशे अपराधांना फाशीची शिक्षा होती. शिक्षा इतकी भयंकर, की पंच तिच्या भीतीने अपराध्याला सोडून देत, आणि न्यायाची जरब बसण्याऐवजी नाहीशी होई. पीलने अनेक कलमांतून देहान्त शासन काढून टाकले, शेकडो वर्षांच्या विखुरलेल्या कायद्यांची एकत्र व सुबोध मांडणी करविली आणि तुरुंगांच्या व्यवस्थेत सुधारणा केली. शिक्षा सौम्य करावयाची तर पकडले जाण्याची शक्यता वाढविली पाहिजे, हे त्याच विचाराचे दुसरे अंग होते. १८२९ साली त्याने लंडनसाठी नवे पोलीस दल उभारले, त्याचे मूळ या विचारात होते.

या दलाची रचना पाहण्यासारखी आहे. वाड्यावाड्यांतील म्हातारे रखवालदार व नाना चौक्यांचे अपुरे शिपाई यांच्या जागी एकसूत्री पगारी दल आले. त्याच्यावर रोवन हा लष्करी अधिकारी व मेन हा बॅरिस्टर असे दोन आयुक्त नेमले गेले. आणि २९ सप्टेंबर १८२९ च्या संध्याकाळी त्या दलाने पहिली गस्त घातली. उभे सैन्य म्हणजे जुलमाचे हत्यार, अशी इंग्रज मनाची जुनी धास्ती होती. म्हणून पोलिसाला सैनिकाचा लाल अंगरखा न देता साधा निळा कोट व उंच टोपी दिली, आणि हाती तलवार वा बंदूक न देता कोटात दडणारा लाकडी दंडुका आणि इशाऱ्यासाठी एक खुळखुळा दिला. प्रारंभी लोकांनी या शिपायांची हेटाळणी केली, त्यांच्यावर दगडही टाकले. पण काही वर्षांतच त्यांची उपयुक्तता पटली, आणि रॉबर्टचे लाडके रूप ‘बॉबी’ हे नाव त्यांना कायमचे चिकटले. पोलिसांच्या वर्तनाची म्हणून जी नऊ सूत्रे पीलच्या नावावर खपतात, ती त्याने लिहिलेली नाहीत, विसाव्या शतकातील एका लेखकाने सारांशरूपाने केलेली ती मांडणी आहे. परंतु लोकसंमतीवाचून पोलिसाचे काम चालत नाही हा त्यांचा आशय त्या निळ्या कोटात व त्या छोट्या दंडुक्यात मूळचाच होता.

मतदानपद्धती बदलणाऱ्या १८३२ च्या सुधारणा कायद्याला पीलने विरोध केला, परंतु तो मंजूर झाल्यावर त्याच्याशी वैर धरले नाही. १८३४ च्या नोव्हेंबरात राजाने मंत्रिमंडळ बडतर्फ केले तेव्हा पील सहकुटुंब रोममध्ये होता. तेथून त्याला बोलावून आणून प्रधानपद देण्यात आले. डिसेंबरात टॅमवर्थच्या मतदारांना उद्देशून त्याने जो जाहीरनामा काढला, त्यात नव्या मतदानपद्धतीचा अंतिम म्हणून स्वीकार केला, आणि सिद्ध झालेल्या तक्रारी दूर करीत जुन्या संस्थांचे रक्षण करावयाचे असे धोरण सांगितले. आधुनिक काँझर्व्हेटिव्ह पक्षाचा जन्म अनेक इतिहासकार येथून धरतात. ते पहिले मंत्रिमंडळ चारच महिन्यांत कोसळले. पण १८४१ च्या निवडणुकीत पक्षाला स्पष्ट बहुमत मिळाले आणि पील खऱ्या अर्थाने सत्ताधीश झाला.

त्याच्या हाती आलेली तिजोरी तुटीची होती, व्यापार मंदावला होता आणि गिरण्यांच्या शहरांत उपासमार चालली होती. १८४२ साली त्याने केलेला उपाय धाडसाचा होता. शांततेच्या काळात पूर्वी कधीही न बसविलेली प्राप्तीवरील पट्टी त्याने बसविली. सालिना १५० पौंडांहून अधिक उत्पन्न असलेल्यांकडून पौंडामागे ७ पेन्स, म्हणजे शेकडा सुमारे तीन, वसूल करावयाचे ठरले. त्या जोरावर जकात बसणाऱ्या सुमारे १,२०० जिनसांपैकी साडेसातशे जिनसांवरील जकात त्याने कमी केली. श्रीमंतांच्या प्राप्तीवर बोजा घालून गरिबांच्या जिनसा स्वस्त करणे हा व्यवहार त्याच्या पक्षाने नाखुषीने का होईना पत्करला. १८४४ च्या बँक कायद्याने, १ कोटी ४० लाख पौंडांच्या मर्यादेपलीकडे काढलेल्या प्रत्येक नोटेमागे बँकेने धातू राखला पाहिजे असा दंडक घालून, पंचवीस वर्षांपूर्वी सुरू केलेले चलनाचे काम त्याने पूर्ण केले. त्याच्याच अमदानीत स्त्रियांना व दहा वर्षांखालील मुलग्यांना खाणींत उतरविण्यास मनाई झाली आणि गिरण्यांतील मुलांचे तास कमी झाले. परंतु प्रौढ कामगारांपर्यंत पोहोचणाऱ्या दहा तासांच्या मागणीला त्याने अखेरपर्यंत विरोध केला, हेही नमूद केले पाहिजे.

आता तिसरा आणि निर्णायक प्रसंग. १८१५ च्या कायद्याने, देशी गव्हाचा भाव क्वार्टर या मापामागे ८० शिलिंगांपर्यंत चढेपावेतो परदेशी गहू विक्रीस आणण्याची बंदी केली होती. पुढे बंदीऐवजी भावाप्रमाणे चढउतार होणारी जकात आली. या कायद्याने जमीनदाराचा खंड टिकला आणि मजुराची भाकर महागली. मँचेस्टरच्या व्यापाऱ्यांनी याविरुद्ध संघ स्थापून देशभर सभा, पत्रके व वर्गण्या यांचे रान उठविले. त्यांचा पुढारी रिचर्ड कॉबडेन हा पील घराण्याप्रमाणेच छापील कापडाचा कारखानदार होता. १८४५ च्या मार्चमध्ये कॉबडेनने कॉमन्स सभेत या जकातीच्या परिणामांचे जे विवेचन केले ते ऐकत असता, उत्तरासाठी लिहीत असलेली टाचणे पीलने हातात चुरगाळली आणि शेजारी बसलेल्या सहकाऱ्याला, याला उत्तर तुम्हीच द्या, असे सांगितले, अशी हकीकत सांगतात.

त्याच वर्षीच्या शरद ऋतूत आयर्लंडमधील बटाट्याच्या पिकावर रोग पडला. लक्षावधी कुळांचे बटाटा हेच एकमेव अन्न होते. पीलने मंत्रिमंडळाच्या मंजुरीची फारशी वाट न पाहता बेअरिंग पेढीमार्फत गुपचूप १ लाख पौंडांचा मका अमेरिकेतून खरीदविला आणि दुष्काळनिवारणाची कामे काढली. आयर्लंडमधील पुढील वर्षांचा जो भीषण संहार आहे, तो पिकाच्या दुसऱ्या व संपूर्ण नाशानंतरचा, आणि पीलचे मंत्रिमंडळ जाऊन व्यापारात हात घालू नये या हट्टाचे मंत्रिमंडळ आल्यानंतरचा आहे. परंतु एका भागात माणसे अन्नावाचून मरण्याच्या बेतात असता राज्याने परदेशी धान्यावर जकात घेत राहावे, ही गोष्ट पीलला यापुढे समर्थनीय वाटेना. सहकाऱ्यांत फूट पडली. डिसेंबरात त्याने राजीनामा दिला. विरोधी पक्षाला मंत्रिमंडळ बनविता आले नाही. आणि तो पुन्हा पदावर येऊन २७ जानेवारी १८४६ रोजी जकात तीन वर्षांत जवळजवळ नाहीशी करण्याची योजना घेऊन सभागृहापुढे उभा राहिला.

त्यानंतरचे पाच महिने त्याने सोसलेला भडिमार पार्लमेंटच्या इतिहासात अपूर्व आहे. डिझरायली दर आठवड्यास उठून, दुसऱ्यांच्या कल्पनांवर आयुष्य काढणारा मनुष्य म्हणून त्याचे वाभाडे काढी, आणि मागच्या बाकांवरचे जमीनदार टाळ्या पिटीत. याच डिझरायलीने १८४१ साली पीलकडे पत्र लिहून मंत्रिपदासाठी याचना केली होती. असे पद आपण कधी मागितलेच नाही, असे त्याने १५ मेच्या वादात भर सभेत सांगितले, तेव्हा ते पत्र पीलपाशी होते; त्याने ते वाचून दाखविले नाही. त्याच रात्री विधेयक ९८ मतांनी संमत झाले, परंतु पक्षाच्या सभासदांपैकी सुमारे दोनतृतीयांश विरुद्ध गेले होते. २९ जून रोजी पदत्यागाच्या भाषणात त्याने यशाचे श्रेय स्वतःकडे न घेता कॉबडेनला दिले, आणि घाम गाळून पोट भरणाऱ्यांच्या घरांत आपली आठवण सद्भावनेने निघावी एवढीच इच्छा व्यक्त केली. पक्ष दुभंगला तो असा, की काँझर्व्हेटिव्हांना पुन्हा बहुमताने सत्तेवर येण्यास १८७४ साल उजाडावे लागले. आणि पीलच्या अनुयायांचा जो गट बाहेर राहिला, तो ग्लॅडस्टनसह अखेर लिबरल पक्षात विलीन झाला.

चार वर्षांनी, २९ जून १८५० रोजी, लंडनमध्ये घोड्यावरून पडून पील जबर जखमी झाला आणि २ जुलैस वारला. त्या तीन दिवसांत त्याच्या घराबाहेर गोरगरिबांची रीघ लागली होती. पुढे लँकेशायरच्या गिरणी शहरांत व अन्यत्र त्याचे पुतळे उभे राहिले, आणि कामकऱ्यांनी पेनी पेनी गोळा करून त्याच्या स्मरणार्थ निधी जमविला. मरणाच्या वेळी ज्याच्यापाशी ना पद होते ना मोठा पक्ष, त्याच्यासाठी सामान्य माणसांनी असे हळहळावे, हे त्या काळी नित्याचे नव्हते.

आपल्या देशाशी पीलचा संबंध फारसा कोणी सांगत नाही, पण तो खोल आहे, आणि सर्वस्वी सुखद नाही. त्याने गव्हर्नर जनरल म्हणून पाठविलेल्या लॉर्ड एलेनबरोच्या कारकीर्दीत १८४३ साली सिंध खालसा झाला, आणि त्याच वर्षाच्या २९ डिसेंबरला महाराजपूर व पनिआर या एकाच दिवशीच्या दोन लढायांत ग्वाल्हेरच्या शिंद्यांची फौज मोडली. सिंधची जप्ती पीलच्या मंत्रिमंडळास मनापासून रुचली नव्हती. तरी घेतलेला मुलूख परत करण्याचे धैर्य, जे त्याने देशातील आपल्या मतांबाबत दाखविले, ते येथे दाखविले नाही. सिंध जिंकणारा सेनापती नेपियर याने तेथे जे पोलीस दल उभारले ते लंडनच्या नमुन्यावर नव्हे, आयर्लंडच्या सशस्त्र दलाच्या नमुन्यावर. त्या आयरिश व्यवस्थेचा पाया १८१४ साली खुद्द पीलने घातला होता. मुंबई इलाख्याने पुढे सिंधचे अनुकरण केले आणि १८६१ च्या पोलीस कायद्याने तेच वळण साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानाला दिले. लंडनच्या नागरिकाला संमतीने चालणारा पोलीस मिळाला आणि आपल्या रयतेला हुकमाने चालणारा. आणि दोघांच्याही वंशावळीत पीलचेच नाव आहे.

इतरही धागे आहेत. १८४३ च्या जानेवारीत मॅकनॉटन नावाच्या भ्रमिष्ट सुताराने पीलच्या खाजगी चिटणिसाला, बहुधा तोच पील समजून, गोळी घातली. वेडाच्या कारणास्तव तो निर्दोष सुटला, आणि त्या खटल्यानंतर न्यायाधीशांनी घालून दिलेले नियम भारतीय दंडसंहितेच्या ८४ व्या कलमाच्या रूपाने आपल्या न्यायालयांत आले. धान्याच्या जकातीविरुद्ध लढण्यासाठी १८४३ साली ‘इकॉनॉमिस्ट’ पत्र काढणारा जेम्स विल्सन १८५९ साली हिंदुस्थानचा अर्थमंत्री होऊन आला, आणि १८६० साली त्याने येथे प्राप्तीवरील कर आणला व सरकारी कागदी चलनाची योजना आखली. आज पगारातून कापला जाणारा आयकर व खिशातील नोट यांचा इतिहास शोधू लागले, तर वाट पीलच्या अर्थकारणापर्यंत जाऊन पोहोचते.

पीलच्या प्रज्ञेत नवनिर्मिती नव्हती, हा डिझरायलीचा आक्षेप खरा आहे. सोन्याचे तत्त्व अर्थशास्त्र्यांनी सांगितले, कॅथलिकांचा हक्क ओकॉनेलने मागितला, धान्यमुक्तीचा झेंडा कॉबडेनने उभारला. परंतु सत्य प्रथम सांगणे हे विचारवंताचे काम आहे; दुसऱ्याने सांगितलेले सत्य, आपल्या पूर्वीच्या शब्दांना व आपल्या माणसांच्या हितसंबंधांना बाध आणणारे असूनही, पटल्याबरोबर अंमलात आणणे हे राज्यकर्त्याचे काम आहे, आणि ते फार थोड्यांना साधते. मत बदलून ज्याची सत्ता वाढते त्याच्या मतांतराविषयी संशय घ्यावा. पीलच्या मतांतराने त्याला ऑक्सफर्डची जागा, पक्ष आणि प्रधानपद गमवावे लागले.

त्याचा दोषही येथेच आहे. स्वतःला पटलेले कारण अनुयायांना पटवून देणे हे त्याने आपले कर्तव्य मानले नाही. मसलत त्याने निवडक सहकाऱ्यांपुरती ठेवली आणि मागच्या बाकांवरच्या सभासदांना आज्ञाधारक पलटणीप्रमाणे वागविले. १८२९ साली त्याने मतदारांपुढे जाण्याचे औचित्य पाळले, १८४६ साली ते पाळले नाही. पक्षाने ज्या वचनावर मते मिळविली होती ते मोडताना राष्ट्राचा कौल घ्यावयास हवा होता, या आक्षेपाला त्याच्यापाशी एवढेच उत्तर होते, की दुष्काळ निवडणुकीसाठी थांबत नाही. ते उत्तर त्या प्रसंगापुरते पुरेसे आहे, असे मला वाटते; नित्याच्या कारभारात ते पुरेसे नाही. वस्तुस्थितीपुढे मत नमविण्याचे पीलचे धैर्य प्रत्येक मंत्र्याने घ्यावे, आणि ज्यांच्या विश्वासावर आपण उभे आहोत त्यांना वेळीच बरोबर घेण्याची जी हातोटी त्याला साधली नाही, ती त्याला जोडावी. प्रतिनिधींच्या राज्यात सचोटी आणि सहमती या दोहोंची गरज आहे. पण दोहोंपैकी एकच हाती लागत असेल, तर भुकेल्यांच्या बाजूने पीलने केलेली निवड बरोबर होती, यात शंका बाळगण्याचे कारण नाही.